दिव्यावरचा तुंबा

जाऊबाईंच्या दिव्याचा मला पहिल्या संध्याकाळपासून हेवा वाटला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

आमचं घर धाब्याचं, मातीचं, लांबलचक. पूर्वेच्या टोकाला थोरले दीर कॉस्मास आणि जाऊबाई रेन्शिया, पश्चिमेच्या टोकाला मी, माझा नवरा बायोर आणि आमची दहा महिन्यांची फेली, आणि मध्ये सासूबाई, ज्या रात्री फेलीला कुशीत घ्यायला आमच्याकडे झोपायला यायच्या. घराला लागूनच ज्वारी. इतकी लागून, की पावसाळा सरता सरता धाब्यावर उभं राहिलं तर हात लांबवून कणसं कुरवाळता येतात. पूर्वेची पट्टी जाऊबाईंची, पश्चिमेची माझी. सासूबाईंनीच ती वाटून दिली होती, कारण आम्ही दोघीही पिटो, म्हणजे ज्वारीची दारू, गाळायचो आणि ज्वारीशिवाय पिटो कुठली? मोड आणलेली ज्वारी वाळवायची, दळायची, दिवसभर शिजवायची, गाळायची, आणि निवल्यावर त्यात खमिराची वेणी सोडायची. सकाळी मडक्यावर फेस.

ही वेणी म्हणजे वाखाची मनगटाएवढी जाड वेणी. मडक्याच्या तळाचा गाळ तिच्यात मुरतो, मग ती चुलीवरच्या खुंटीला वाळत टांगायची आणि पुढच्या मडक्यात पुन्हा सोडायची. माझी वेणी बाजारातली होती, जाऊबाईंचीही. सासूबाईंची मात्र त्यांच्या सासूची होती, आणि नांदोमच्या बाजारापर्यंत म्हातारे लोक तिच्या चवीचं नाव काढायचे. सासूबाईंची नजर गेली तेव्हा त्यांनी गाळणं सोडलं, पण वेणी खुंटीवर तशीच राहिली. सासरे जाऊन दोन वर्षं होत आली होती. सुगीनंतर त्यांचं शेवटचं कार्य व्हायचं होतं. सासूबाईंनी पावसाच्या तोंडावर आम्हा दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं की त्या दिवशी जी सून आपल्या पट्टीतल्या ज्वारीने मोठं मडकं काठोकाठ भरेल, वेणी तिची. विकत घेतलेला एक दाणाही चालणार नाही.

मला ती वेणी हवी होती. माझं माहेर पिटो गाळणारं नव्हे. बाप चर्चच्या शाळेत शिकवायचा, आई शिवणकाम करायची. गाळायला मी इथे येऊन शिकले, सासूबाईंच्या पायाशी बसून. लोक माझी पिटो प्यायचे आणि म्हणायचे, पोरीच्या हाताला चव यायचीय अजून. चार वर्षं हेच ऐकत होते.

दोन वर्षांपूर्वी दीर दक्षिणेतल्या सोन्याच्या खाणीतलं काम सोडून परत आले, ते एक मोठा पांढरा विजेचा दिवा घेऊन. जाऊबाईंच्या मांडवाच्या खांबावर तो लागला आणि त्या दिवसापासून माझ्या मांडवाकडे अंधार पडला. म्हणजे अंधार आधीही होताच, पण आधी तो सगळ्यांचा होता. आमच्या गाळायच्या पाळ्या ठरलेल्या, एक दिवस तिचा, एक माझा. माझ्या पाळीला लोक माझ्याकडून तुंबा भरून घ्यायचे आणि जाऊन बसायचे तिच्या मांडवात. पिटो माझी, गप्पा तिच्या उजेडात. रिकामे तुंबे मी तिथून गोळा करून आणायचे. ती बाकावर सरकून मला जागा द्यायची, तेही मला टोचायचं.

यंदाच्या पावसात तिने दिव्यावर अर्धा तुंबा बांधला. भोपळ्याचं मोठं कवच, आतून काळं, तेलकट, तोंड खाली. आता उजेड फक्त मांडवाच्या आत, बाकांवर पडायचा. बाहेर एक पाऊल टाकलं की काळोख. मी बायोरला म्हटलं, ही बाई वेडी झाली, असला झकास दिवा आणि त्याच्यावर झाकण. पण गिऱ्हाईक कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. तेव्हा माझ्या मनात आलं, उजेड कमी केल्याने कुणाचं गिऱ्हाईक वाढतं का? त्या तुंब्यात काहीतरी बांधलेलं आहे. माणसं ओढणारं औषध. एकदा ते मनात आलं आणि मग सगळं त्यातच बसत गेलं. तो काळा रंग, तो तेलकट वास, मी पाहतेय म्हटल्यावर तिचं तोंड फिरवणं. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते आणि घरी हे, असं मी मनात म्हणायचे, आणि ती प्रार्थनेला उभी राहिली की तिच्या नव्या डोईच्या रुमालाकडे बघत राहायचे.

औषधाला उत्तर मोठ्या दिव्याचं, असं मी ठरवलं. बायोरच्या मागे लागून लागून मी दिवा आणवला. तिच्याहून मोठा. त्याने तो धाब्यावर उंच काठीला बांधला. पहिल्या संध्याकाळी तो लागला तेव्हा शेताच्या पलीकडचं, आम्ही ज्याच्या बियांचं तेल काढतो ते शियाचं झाड पानापानासकट दिसलं. गावातली पोरं बघायला धावली. मी फेलीला कडेवर घेऊन अंगणात उभी होते आणि माझी मान आपोआप ताठ झाली होती.

त्याच संध्याकाळी जाऊबाई आल्या. हात मागे बांधून त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं, मग माझ्या ज्वारीकडे, मग परत दिव्याकडे. "छान आहे हो उजेड, डोमी," त्या म्हणाल्या. "फार लांबपर्यंत जातो."

माझं नाव डोमितिला, घरात डोमी. त्यांच्या तोंडून ते इतक्या गोड आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, जळतेय. मला गार वाटलं.

दिव्याचा त्रास मलाच झाला, पण मी कबूल कुठे करते. किड्यांचा पाऊस पडायचा. आमचं जुनं गिऱ्हाईक झिएमम्हातारा तुंब्यातून पंखवाले किडे बोटाने काढून भिंतीला पुसायचा. एकदा म्हणाला, "डोमी, पिटोबरोबर आता मटणही देतेस होय? चांगलं केलंस, दात नाहीत मला, बारीकच बरं." सगळे हसले, जाऊबाईंच्या मांडवातूनही हसणं आलं. गिनी कोंबड्यांना रात्र कळेना, त्या झाडावर ओरडत राहायच्या. फेलीचे डोळे मिटायचेच नाहीत. खिडकीवर मी माझं कापड टांगलं तरी कडेकडेने उजेड आत यायचा आणि तिच्या पापण्यांवर बसायचा. मी तिला पाठीला बांधून झुलत राहायचे, आणि ती माझ्या मानेत तोंड खुपसून अंधार शोधायची. बायोर म्हणाला, विझवून टाक. मी म्हटलं, तिचा जळतोय तोवर माझाही जळेल.

ऑगस्टच्या शेवटी जाऊबाईंचे वडील गेले आणि त्या माहेरी गेल्या. दीर गाळण्यातले नव्हेत, पण चोरांच्या भीतीने रात्रभर दिवा लावून ठेवायचे. तीन दिवस मी तो तुंबा नुसता बघितला. चौथ्या दिवशी संध्याकाळी दीर बाजारात असताना मी फेलीला पाठीला घट्ट बांधलं, बाकावर चढले आणि तुंबा सोडवला. आत शिया तेलाचा आणि धुराचा वास होता. मांडवामागे नेऊन दगडाने फोडला, तुकडे खड्ड्यात टाकले आणि घरातलं पवित्र पाणी वर शिंपडलं. फेलीला गंमत वाटली. प्रत्येक घावाला ती पाठीवर उडत होती. मला आतून हलकं वाटलं, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिचा दिवा माझ्या दिव्यासारखा उघडा, बटबटीत दिसला. आता बघू, म्हटलं.

जाऊबाई महिन्याने परतल्या. त्या दिवशी मी अंगणात भेंडी चिरत होते. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं नाही, आधी खांबाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काही विचारलं नाही. संध्याकाळच्या आत नवा तुंबा कापून, धुरावर धरून, दिव्यावर बांधूनही झाला. मी मान खाली घालून भेंडी चिरत राहिले, चिरून झालेलीसुद्धा.

तोवर माझी ज्वारी बघण्यासारखी झाली होती. हिरवीगार, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. बायकांना मी मुद्दाम त्या बाजूने पाणी भरायला न्यायचे. जाऊबाईंची पट्टी त्यापुढे बारकी वाटायची.

ऑक्टोबर लागला. एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, मला ज्वारीत ने. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला आणि ताटांना धरत धरत स्वतःच निघाल्या. प्रत्येक ताटाच्या शेंड्याशी हात उंच करायच्या, वाकवायच्या, चाचपायच्या.

"निसवली नाही," त्या म्हणाल्या. पुढचं ताट. "हेही नाही. नुसती पानं." अशी दहा, वीस ताटं झाली. इतके दिवस मी उंची बघत होते, शेंडा कुणी बघितलाच नव्हता. गावात सगळीकडे ज्वारी निसवून दाणा धरू लागली होती आणि माझी अजून पोटरीतही नव्हती. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? जाऊबाईंनी केलं. तुंबा फोडला म्हणून उलटवलं.

तेवढ्यात सासूबाई थांबल्या. "इथे आहे की." त्यांच्या हातात भरलेलं कणीस होतं. पुढचंही भरलेलं. त्या चालत गेल्या, मी मागे. पंधरा पावलं कणसंच कणसं, मग पुन्हा काही नाही. "इथे जवळ काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. "कणगी आहे, आई. आपली मातीची कणगी."

"कणगी पोसते होय कणसाला," असं पुटपुटत त्या परत फिरल्या.

मी तिथेच राहिले. कणसांचा तो तुकडा अंगणातल्या कणगीच्या मागे अरुंद सुरू होऊन लांब जाता जाता रुंद होत होता. कणगीच्या सावलीसारखा. पण सूर्याची सावली अशी एका जागी थांबत नाही, ती दिवसभर फिरते. संध्याकाळपर्यंत ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मग बायोरने दिवा लावला, आणि मी फेलीला घेऊन अंगणाच्या कडेला गेले, आणि पाहिलं. कणगीची लांब काळी सावली ज्वारीवर पडली होती, आणि जेवढी सावली तेवढीच कणसं. काळोखाच्या मापाने कापून ठेवल्यासारखी. बाकी सगळं शेत माझ्या दिव्यात न्हाऊन निघालं होतं, आणि त्यात एकही कणीस नव्हतं.

ज्वारीला रात्र लागते. मी तिला रात्र दिलीच नव्हती. जी गोष्ट माझ्या लेकीने माझ्या मानेत तोंड खुपसून रोज सांगितली, ती मला एका कणगीने सांगावी लागली.

आणि मग मला दुसरी गोष्ट आठवली आणि मी पळत पूर्वेच्या पट्टीकडे गेले. मांडवापासून लांबची ज्वारी दाण्याने वाकली होती. जवळच्या ओळी, अर्धी पट्टी म्हणा ना, हिरव्या, उंच, रिकाम्या उभ्या होत्या. ज्या महिन्यात ज्वारी पोटरीचं मनात धरते, नेमका तोच महिना त्यांच्यावर उघडा दिवा जळला होता. तो मी जाळला होता.

रात्रभर मी स्वतःशी भांडले. न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? पण कणसं बघणाऱ्याला सगळं दिसणारच होतं. सकाळी जाऊबाई मडकी घासत होत्या. मी समोर उकिडवी बसले आणि एका दमात सांगून टाकलं, की तुंबा मी फोडला, त्यात औषध आहे असं वाटून फोडला.

त्यांचा हात मडक्यात थांबला. "औषध?"

"आतून काळा होता. तेलकट होता."

"अगं, माझ्या आईच्या घरचा, रोज पिठाचा साब वाढायचा कटोरा होता तो. चाळीस वर्षं चुलीपाशी टांगलेला. काळा नाही तर काय पांढरा असेल?" त्या हसायला लागल्या. हसता हसता मडकं सोडून खाली बसल्या, आणि मग हसणं कधी थांबलं मला कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "गेल्या वर्षी माझ्या सहा ओळी अशाच गेल्या, दिव्याजवळच्या. तू बाळंतीण होतीस, तुला कुठलं दिसतंय. कारण कळायला मला अख्खं वर्ष लागलं, डोमी. कळल्यावर कटोरा बांधला. किडेही कमी झाले, म्हणून लोक जास्त बसायला लागले."

त्या संध्याकाळी हात मागे बांधून उभ्या राहिलेल्या जाऊबाई मला दिसल्या. फार लांबपर्यंत जातो. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "माझा दिवा लागला त्या दिवशीच."

"होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

त्यांनी मडकं पुन्हा उचललं. जिथे डाग नव्हता तिथेच घासत राहिल्या. "मी या घरात आले तेव्हा तू शाळेत होतीस," त्या खाली बघत म्हणाल्या. "सतरा वर्षं सासूबाईंच्या चुलीला लाकूड मी घातलं. कधी म्हणाल्या नाहीत, बस माझ्याशेजारी. तू आलीस आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्या पायाशी बसून शिकायला लागलीस. तुझी पोर त्यांच्या कुशीत झोपते. तुझ्या हातचं जेवतात. मी म्हटलं, निदान वेणी तरी मला मिळू दे."

इतके दिवस मी तिच्या उजेडाकडे बघत होते आणि ती माझ्या घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे, जिथे सासूबाई फेलीला कुशीत घेऊन झोपतात. मला तिची दया आली म्हणावं, तर तेवढंच खरं नव्हतं. मला रागही आला होता, आणि तिला माझा.

त्याच दिवशी बायोरने काठी उतरवली. दिवा दाराच्या उंचीवर, तोंड खाली, आणि लहान. त्याच्यावर मीही तुंबा कापून बांधला. संध्याकाळी मी फेलीला अंगणात घेऊन बसले. तिने वर पाहिलं, बोट दाखवलं आणि बराच वेळ ते खाली घेतलं नाही. एवढ्या चांदण्या तिने पाहिल्या नव्हत्या, तिच्या जन्मापासून आधी जाऊबाईंचा दिवा होता आणि मग माझा. बोट वरच होतं आणि ती झोपली. मी ते हळूच मिटवलं.

सुगी झाली. माझ्या कणगीच्या सावलीतली आणि शेताच्या पार टोकाची मिळून तीन टोपल्या ज्वारी निघाली. उशिरा निसवलेली पाऊस थांबल्यावर पोचट राहिली, गुरांना कडबा झाला. जाऊबाईंची पाच टोपल्या. मोठ्या मडक्याला आठच्या वर लागते, हे घरातल्या पोरांनाही माहीत होतं. म्हणजे दोघींपैकी कुणीच भरू शकत नव्हतं, आणि सासऱ्यांच्या शेवटच्या कार्याला थोरल्या मंडळींपुढे अर्धं मडकं ठेवायची वेळ येणार होती.

फेलीला पाठीवर आणि टोपल्या एकेक करून डोक्यावर, अशी मी माझी ज्वारी तिच्या मांडवात नेऊन ओतली. हा माझा चांगुलपणा नव्हे. मडकं अर्धं राहिलं असतं तर का राहिलं हे गावभर झालं असतं, आणि सासऱ्यांच्या नावाने झालं असतं. जाऊबाईंनी ज्वारी भिजत घातली, माझी एका बाजूला, त्यांची एका बाजूला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांनी दोन्ही एकत्र केली होती. मोड कुणाच्या दाण्याचे लांब आले ते बघायचं माझं राहून गेलं, त्याची चुटपुट मला अजून आहे.

चार दिवस आम्ही एका चुलीवर गाळलं. पाणी किती, जाळ किती, गाळ खाली बसवायला भेंडीच्या खोडाची साल कधी घालायची, सगळ्यावर वाद. तिने म्हणायचं, तुझ्या माहेरी काय शाईत गाळतात का, आणि मी म्हणायचं, तुमच्या माहेरी तर कटोरेसुद्धा धूत नाहीत. कार्याच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई स्वतः आल्या, खुंटीवरची वेणी हातात घेऊन. ती त्यांनी निवलेल्या मडक्यात सोडली. मग हात आत घालून काठापासून खाली बोटं मोजली.

"चार बोटं कमी," त्या म्हणाल्या.

मडक्यात फेस धरायला सुरुवात झाली होती, त्याची बारीक सळसळ ऐकू येत होती.

"वेणी यंदा कुणालाच नाही. माझ्या खुंटीवरच राहील." मग त्यांनी हात पुसले आणि जाऊबाईंच्या दिशेने तोंड केलं. "रेन्शिया, आज कार्याच्या मडक्यापाशी रात्री कुणीतरी जागायला हवं. तू ये माझ्याजवळ. डोमीची पोर लाथा मारते."

जाऊबाईंनी सासूबाईंचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. मी तिथेच होते. लाथ मारणारी माझी पोर माझ्या पाठीवर होती, आणि काळजात जे टोचलं ते काय होतं हे मला आता ओळखता येत होतं.

सकाळी थोरली मंडळी, झिएमम्हातारा, दीर, बायोर, सगळे अंगणात बसले. पिटो वाढण्याआधी गाळणारीने स्वतः घोट घ्यायचा, हा आमच्याकडचा नियम. आत काही वाईट नाही हे तिच्याच तोंडाने सिद्ध व्हावं. गाळणाऱ्या दोघी होत्या, तेव्हा सासूबाईंनी एकच तुंबा भरला आणि आमच्या मध्ये धरला. आम्ही दोन बाजूंनी ओठ लावले, गालाला गाल घासला.

चव चांगली होती. मी गाळते त्याहून चांगली, तिच्याहूनही. झिएमम्हाताऱ्याने तोंड पुसून विचारलं, ही कुणाच्या हातची, आणि आम्ही दोघींनी एकदमच तोंड उघडलं आणि एकदमच मिटलं.

तिने माझ्यापेक्षा मोठा घोट घेतला होता. मी बघितलं.